मद्रासचे ब्राँझ: लाटसाहेबापासून मजुरापर्यंत

तमिळ प्रदेशात ब्राँझची मूर्ती रस्त्यावर येण्याची रीत इंग्रजांच्या पुतळ्यांहून कितीतरी जुनी आहे. देवळाच्या गाभाऱ्यातली दगडी मूर्ती जागची हलत नाही. उत्सवात गावातून मिरवते ती धातूची उत्सवमूर्ती. चोळांच्या काळात, म्हणजे नवव्या ते तेराव्या शतकांत, ही कला शिखराला पोचली. मूर्ती आधी मेणात घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वाहून जाऊ द्यायचे आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मूर्ती बाहेर काढताना साचा फुटतो, त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. ती भरीव असते, आणि मिरवणुकीत उचलण्यासाठी दांडे अडकवता यावेत म्हणून पीठाला कड्या किंवा भोके ठेवलेली असतात. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलई येथील स्थपती आजही याच पद्धतीने काम करतात. नायन्मार संतांच्या, म्हणजे माणसांच्याही मूर्ती या परंपरेत घडल्या. पण त्यांची जागा देवळाच्या व्यवस्थेतच राहिली. पूजा नाही, मिरवणूक नाही, माणूस नुसताच चौकात कायमचा उभा, हा प्रकार मद्रासला नवा होता.

या प्रकारचा मद्रासमधला सर्वांत प्रसिद्ध पुतळा गव्हर्नर टॉमस मनरो यांचा. रयतवारी पद्धतीशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते हेच मनरो. 1818 मध्ये बदामी, बेळगाव, सोलापूर या बाजूची पेशव्यांची ठाणी जिंकणारे सेनापती म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातही ते येतात. 1827 मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने त्यांचा मृत्यू झाला. लोकवर्गणी जमली आणि लंडनच्या फ्रान्सिस चँट्री या शिल्पकाराने घडवलेला घोडेस्वार 1839 मध्ये मद्रासच्या ‘आयलंड’ मैदानाजवळ उभा राहिला. घोड्याला खोगीर नाही, रिकिबी नाहीत, यावरून शहरात आजतागायत दंतकथा सांगितल्या जातात. मनरोंविषयी रयतेत खरीच आपुलकी होती. स्वातंत्र्यानंतरही हा पुतळा हलला नाही, त्याचे एक कारण हे असावे.

कर्नल जेम्स नील यांचे तसे नव्हते. मद्रास फ्युझिलिअर्सच्या या अधिकाऱ्याने 1857 मध्ये अलाहाबाद आणि कानपूरकडे जी कत्तल केली, तिची आठवण उत्तरेत दीर्घकाळ राहिली. माउंट रोडवर मात्र त्यांचा ब्राँझचा पुतळा वीर म्हणून उभा होता. सप्टेंबर 1927 मध्ये त्याच्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवक हातोडे आणि कुऱ्हाडी घेऊन पुतळ्यावर चालून जात, दोन घाव घालत आणि तुरुंगात जात. गांधीजींनी चळवळीला पाठिंबा दिला, पण अहिंसेची शिस्तही बजावली. चळवळीत उतरलेल्या तरुणांत विरुदुनगरचे के. कामराजही होते. पुतळा लगेच हलला नाही. 1937 मध्ये राजाजींचे मंत्रिमंडळ आल्यावर तो उतरवून एग्मोरच्या संग्रहालयात नेण्यात आला. सार्वजनिक जागेवर कोणी उभे राहावे, हा प्रश्न मद्रासमध्ये असा दहा वर्षे लोंबकळत होता.

याच दहा वर्षांत, 1929 मध्ये, देवीप्रसाद रायचौधुरी मद्रासच्या सरकारी कला विद्यालयाचे प्रमुख होऊन आले. 1850 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ते पहिले भारतीय प्रमुख. जन्म 1899 चा, पूर्व बंगालातल्या रंगपूरजवळच्या ताजहाटचा. चित्रकलेचे शिक्षण अवनींद्रनाथ टागोरांकडे झाले, तरी हात रमला तो युरोपीय वळणाच्या शिल्पात. कुस्ती, शिकार, बासरी आणि कथालेखन हे त्यांचे बाकीचे नाद. कुस्तीचा उल्लेख इथे निव्वळ चरित्राचा तपशील नाही: ताणलेला स्नायू, वाकलेली पाठ, जमिनीत रुतलेला पाय हे त्यांच्या शिल्पाचे खरे विषय. फ्रेंच शिल्पकार रोदँची छाप त्यांच्यावर उघड दिसते. काही समीक्षकांना हे नाट्य अतिरेकी वाटते. त्यात तथ्य आहे, पण भर रस्त्यावरच्या शिल्पाला दुरून दिसणारी ताकद लागते, हेही तितकेच खरे.

अशा शिल्पाची पद्धत स्वामीमलईहून निराळी असते. लोखंडी सांगाड्यावर माती चढवून मूळ आकार घडवतात आणि त्यावरून प्लॅस्टरचे तुकड्यातुकड्यांचे साचे घेतात. साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर देऊन मध्ये गाभा भरतात. मेण वितळून गेले की तेवढ्याच जाडीत धातू ओततात. त्यामुळे भव्य आकृतीही आतून पोकळ राहते आणि धातूची बचत होते. मोठे काम भागांत ओतून जोडतात; मग सांधे छिन्नी-कानशीने इतके साफ करतात की दिसू नयेत.

रायचौधुरींचे पहिले गाजलेले समूहशिल्प पाटण्यात आहे. 11 ऑगस्ट 1942 रोजी सचिवालयावर तिरंगा फडकवायला निघालेले सात विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. त्या सात जणांचे स्मारक इटलीत ओतवून घेण्यात आले आणि 1956 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुढचा झेंडा घेऊन सरसावतो आहे आणि मागचे कोसळताहेत. कोसळणाऱ्याला चौथऱ्यावर जागा देणे ही लाटसाहेबांच्या पुतळ्यांत न बसणारी गोष्ट होती.

मद्रासला असा समूह 25 जानेवारी 1959 रोजी मिळाला. मरीना किनाऱ्यावर उभे केलेले ‘ट्रायंफ ऑफ लेबर’ हे शिल्प तमिळमध्ये ‘उळैप्पाळर सिलै’, म्हणजे ‘श्रमिकांचा पुतळा’, या साध्या नावाने ओळखले जाते. चार मजूर अंगाची धनुकली करून एक प्रचंड शिळा हलवू पाहताहेत. अंगावर कमरेच्या फडक्यापलीकडे फारसे काही नाही. कला विद्यालयाचा पहारेकरी आणि एक विद्यार्थी यांना नमुना म्हणून समोर ठेवल्याचे सांगतात. चौघांपैकी कोणालाही नाव नाही. शीर्षकात विजय आहे, पण शिळा अजून जागची हललेली नाही. शिल्पकाराने जिंकल्याचा क्षण टाळून जोर लावल्याचा क्षण निवडला, आणि शिल्पाचा सारा जीव त्या निवडीत आहे.

जागाही अर्थपूर्ण होती, कारण कामगार चळवळीशी मद्रासचे आणि या किनाऱ्याचे नाते जुने होते. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतल्या कामगारांनी 1918 मध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन केली. दुपारच्या जेवणाला पुरेसा वेळ मिळत नाही, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईचे पारशी. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना आधीच एकत्र आणले होते, पण नोंदलेले सभासद आणि नियमित वर्गणी असलेली संघटना मद्रासमध्ये दिसली. 1923 च्या 1 मे रोजी मच्छीमार समाजात जन्मलेल्या एम. सिंगारवेलर यांनी मद्रासच्या किनाऱ्यावर सभा घेऊन कामगार दिन साजरा केला. भारतातला हा पहिला मे दिन मानला जातो.

श्रमिकांचे शिल्प उभे राहिले तेव्हा मुख्यमंत्री होते कामराज, नील पुतळ्याच्या सत्याग्रहातले. दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, खुद्द कामराजांचा पुतळा त्यांच्या हयातीतच शहरात उभा राहिला आणि अनावरणाला पंतप्रधान नेहरू आले. अनाम माणसाला चौथऱ्यावर चढवल्याने नामवंतांची रांग थांबली नाही.

1968 च्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने मरीनावर पुतळ्यांची एक मालिकाच उभी राहिली. या वेळी सन्मान भाषिक समाजाचा होता: तिरुवळ्ळुवर, अव्वैयार, कंबन, भारती, शिवाय तमिळची सेवा करणारे पोप आणि काल्डवेल हे मिशनरीही. त्यांत ‘शिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्याची नायिका कण्णगी आहे, हातात पैंजण घेऊन न्याय मागणारी. डिसेंबर 2001 मध्ये एका वाहनाच्या धडकेनंतर रहदारीचे कारण देऊन तिचा पुतळा हलवण्यात आला. राज्यभर त्यावरून वाद पेटला, आणि सरकार बदलल्यावर जून 2006 मध्ये तो पुन्हा किनाऱ्यावर बसवण्यात आला.