गेटवरचा पंचा

पगाराच्या दिवशी नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या गेटबाहेर पंचा अंथरलेला दिसला की समजायचं, कुणाच्या तरी घरी काहीतरी घडलं आहे. माझे वडील विणाई खात्यात होते, आम्ही पाचपावलीत राहायचो. बाबा पुढे होऊन पंच्यावर नाणं टाकत आणि शेजारी बसलेला खात्यातलाच कुणी वहीत नाव लिहून घेई. पैशाला नाव हवंच, हा नियम होता.

1969 च्या उन्हाळ्यात आमचं घर जळालं. त्या महिन्यात पंचा आमच्यासाठी अंथरला गेला. बाबांनी ती वही एका रात्रीपुरती मागून आणली आणि माझ्या गणिताच्या वहीत सगळी यादी उतरवून घेतली. त्रेसष्ट नावं, कुणाचे दोन रुपये, कुणाचे आठ आणे. पुढे त्यातल्या ज्याच्या घरी काही निघे, त्याला तेवढं दिलं की बाबा त्या नावावर रेघ ओढत. आमच्याकडे याला वर्गणी म्हणत. पण पुढे एलआयसीचा एजंट झाल्यावर माझ्या लक्षात आलं, बाबा आयुष्यभर हप्ते भरत होते.

विमा आपल्याकडे साहेबानं आणला, असा एक समज आहे. मालाचा विमा सावकारांच्या हाती आधीपासूनच होता. जॉन माल्कमच्या मध्य हिंदुस्थानावरच्या 1823 च्या ग्रंथात त्या धंद्याची नोंद आहे. हुंडाभाड्यात तर भाडं, वाटेतले जकातनाके आणि जोखीम असं सगळं एकाच रकमेत ठरायचं. कापसाच्या गाठीला जोखमीचा भाव होता, तिच्या मागे चालणाऱ्या माणसाला नव्हता. विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला नाखूष, उतरवलाच तर हप्ता जास्त. मुंबईत 1870 साली बॉम्बे म्युच्युअल निघाली, तिनं आपल्या लोकांनाही सर्वसाधारण दर लावला.

नागपुरात 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची मिल सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी. म्हणून नाव एम्प्रेस. या मिलमध्ये 1886 ला पेन्शन फंड आला, 1895 पासून अपघाताची भरपाई. सरकारचा भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. 1954 साली नागपुरात कामगार विमा योजना लागू झाली, पुढे सोमवारी पेठेत तिचं हॉस्पिटल उभं राहिलं. पगारातून कपात व्हायची म्हणून बाबा कुरकुरत. पण आजारपणाला पंचा अंथरण्याची वेळ त्यामुळे कमी झाली. उरलं ते आग, अंत्यविधी, पोरीचं मोडलेलं लग्न. त्याला कुठलीच कपात पुरत नव्हती.

मी 1979 ला एजन्सी घेतली. विमा म्हटला की लोक दोन उत्तरं देत. एक, "अभद्र नोको बोलू बे." दुसरं, "मी मेल्यावर पैसे भेटतीन, त मले काय फायदा?" दुसऱ्यावर माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

इतवारीतला माझा एक वर्गमित्र. कापडाचं दुकान, दोन मजली घर. 1986 साली मेडिक्लेम निघाला, तेव्हापासून दर दिवाळीला मी त्याच्या मागे. तो चहा पाजे आणि म्हणे, "तेवढ्यात दुकानाला नवीन काच बसते." 2019 साली त्याची बायपास ठरली. इंटरनेटवरून मदत गोळा करणाऱ्या मिलाप, केटो, इम्पॅक्ट गुरू यांची नावं तोवर घरोघरी पोचली होती. मुलानं आवाहन टाकलं, ते फिरत फिरत आमच्या मिलवाल्यांच्या गटात आलं. मी पाचशे रुपये दिले. खाली देणाऱ्यांची यादी होती. त्यात मिलमधल्या एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, विधवेचे दोनशे पाहिले आणि माझं डोकं फिरलं. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाच्या पंच्यावर आणा टाकलेला नव्हता.

सगळ्यांना एका मापानं मोजू नये, हेही खरं. 2022 साली नागपुरातल्याच एका बाळाच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी पैसे जमवले. तिथं कुठली पॉलिसी पुरली असती? आणि रोजीवर जगणाऱ्यानं विमा नाकारला असं म्हणताच येत नाही, त्याला तो परवडतच नाही. फुले जनआरोग्य योजना त्याच्यासाठी आहे, तिचा कागद त्याच्यापर्यंत पोचला तर. माझा राग ऐपत असून हप्ता चुकवणाऱ्यावर आहे. पॉलिसीचाही चुकवला आणि शेजाऱ्याचाही.

मिल 2002 च्या सुमारास कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल आहे.

बाबा 1994 ला गेले, तेव्हा गणिताच्या वहीतल्या अकरा नावांवर रेघ ओढायची राहिली होती. चार घरं मी शोधून काढली आणि जमेल तसं फेडलं. सात बाकी आहेत. 1969 साली एम्प्रेसच्या विणाई खात्यात तुमच्या घरचं कुणी असेल, तर पाचपावलीत येऊन विचारा. वही माझ्याकडेच आहे.