नोकरीबरोबर आलेले छप्पर

बोरघाटाच्या पायथ्याशी, म्हणजे कर्जत, खोपोली आणि साजगावच्या पट्ट्यात, भाड्याच्या घराचा इतिहास मुंबईच्या चाळींपेक्षा वेगळ्या वाटेने गेला. मुंबईत गिरणीचा मालक एक आणि चाळीचा मालक बहुधा दुसरा. इथे काम आणि घर पुष्कळदा एकाच हातातून मिळाले: आधी जमीनमालकाकडून, मग रेल्वेकडून, त्यानंतर वीज कंपनी आणि कारखान्यांकडून. भाडे नाममात्र असे, कधी काहीच नसे. उरलेला खर्च घर देणारा सोसत असे, कारण माणूस हाताशी राहणे त्याला हवे असे. त्यामुळे या भागातल्या तंट्याचे मूळ थकलेल्या भाड्यापेक्षा संपलेल्या कामात जास्त सापडते.

जीआयपी रेल्वे 1856 साली खोपोलीपर्यंत आली आणि 1863 मध्ये घाट चढली. 1861 च्या सुमारास घाटाच्या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. त्यांची वस्ती झोपड्यांची; काम पुढे सरकले की तीही उठे. नोटीस द्यावी लागेल असा कोणताच हक्क तेव्हा कोणाला नव्हता. रेल्वे सुरू झाल्यावर चित्र पालटले. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिन लागते. ते चालवणारे कर्मचारी रात्री-अपरात्री हजर हवेत म्हणून स्टेशनाजवळ क्वार्टर आले. म्हणजे रेल्वेच्या हिशेबात क्वार्टर ही कर्मचाऱ्यावरची मेहेरबानी नव्हती, गाडी वेळेवर सुटण्याची ती तजवीज होती.

1910 साली स्थापन झालेल्या टाटांच्या जलविद्युत कंपनीचे खोपोलीचे वीजघर 1915 मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी वीज करून पाताळगंगेत सोडले जाऊ लागले आणि एरवी उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीला बारमाही पाणी मिळाले. कारखान्यांना हेच हवे होते. 1960 नंतर रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी आणि खोपोलीला महिंद्रा युजिनचा पोलाद कारखाना आला. कार्तिकी एकादशीच्या यात्रेत विठोबाच्या दारी सुक्या मासळीचा बाजार भरवणारे साजगावही या औद्योगिक पट्ट्यात ओढले गेले. कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि निवृत्ती, बडतर्फी किंवा मृत्यूनंतर क्वार्टर कधी सोडायचे हा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला.

खाजगी भाडेकरूला तोवर कायद्याची ढाल मिळाली होती. मुंबई इलाख्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात 1918 साली भाडेनियंत्रण आले. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चे भाडे प्रमाण धरले आणि ठरावीक कारणांखेरीज जागा खाली करून घेण्यास मनाई केली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 ची नोटीस देऊन भागेनासे झाले. कारण कोर्टात सिद्ध करावे लागे. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तर असे ठरवले, की भाडेनियंत्रण कायद्याखालच्या दाव्यात कलम 106 ची नोटीस मुळी लागतच नाही. पण याच 1947 च्या कायद्यात, कलम 13 मध्ये, एक पळवाट मालकासाठी होती. नोकर म्हणून दिलेली राहण्याची जागा नोकरी संपताच परत मागता येई. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानेही सेवाकाळापुरत्या भाडेदारीची वेगळी तरतूद ठेवली.

कंपन्यांनी मात्र दिवाणी दाव्यापेक्षा फौजदारी वाट अधिक पसंत केली. कंपनीची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे हा गुन्हा 1936 मध्ये जुन्या कंपनी कायद्यात आला आणि 1956 च्या कायद्यात तो कलम 630 म्हणून राहिला. ‘अधिकारी किंवा कर्मचारी’ यात माजी कर्मचारी मोडतो का, यावर बराच काळ वाद होता. 1987 साली शिपिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडतो असे सांगितले, आणि 1995 मध्ये कॉक्स अँड किंग्जच्या खटल्यात मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबालाही हे कलम लागू केले. भाडेकरूचे भांडण अशा रीतीने मॅजिस्ट्रेटपुढे आरोपीचे प्रकरण झाले. यात एक बाजू सहज दृष्टीआड होते. कामगार अनेकदा क्वार्टर धरून बसतो तो घराच्या लोभाने नव्हे. ग्रॅच्युइटी आणि फंड हातात पडेपर्यंत त्याच्याकडे दुसरे काही तारण नसते. कंपनी म्हणते, आधी किल्ली द्या. कामगार म्हणतो, आधी हिशेब करा. कायद्याला हे उमगायला फार उशीर लागला. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 630 चे 452 झाले, आणि 2020 च्या दुरुस्तीने त्यात अशी भर घातली, की फंड, पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी कंपनीने दिलेली नसेल तर राहत्या घराच्या ताब्यावरून तुरुंगवास देता येणार नाही.

सरकारी घरांचा मार्ग तिसराच. रेल्वे आणि सरकारी कंपन्यांच्या क्वार्टरना 1971 चा सार्वजनिक जागा कायदा लागतो. त्यात इस्टेट ऑफिसर कारणे दाखवा नोटीस देतो, म्हणणे ऐकतो, खाली करण्याचा हुकूम काढतो आणि नुकसानभरपाईही ठरवतो. अपील जिल्हा न्यायालयात. घराचा मालक आणि निवाडा करणारा एकाच आस्थापनेचे, ही तक्रार जुनी आहे. मुंबई राज्याच्या 1955 च्या अशाच कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. रसायनीचा सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने 2017 मध्ये घेतला. तेव्हा नोकरीबरोबर क्वार्टरचा आधारही गेला.

1952 च्या अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजनेतली घरे वेगळी. केंद्राचे अनुदान आणि कर्ज घेऊन गृह मंडळाने ती कारखाना कामगारांसाठी बांधली. कारखान्यातली नोकरी ही पात्रतेची अट होती, पण मालक कारखानदार नव्हता. मुंबईतल्या अशा अनेक वसाहतींतल्या खोल्या कालांतराने राहणाऱ्यांच्याच मालकीच्या झाल्या. कंपनीच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्याला तसे काही मिळाले नाही.

या सर्वांहून जुनी आणि कागदावर सर्वांत पुसट भाडेदारी कातकरी आदिवासींची. कात पाडणे बंद झाल्यावर कातकरी कोळसा पाडणे, वीटभट्टी आणि शेतमजुरीकडे वळला. जमीनमालकाने त्याला माळावर किंवा बांधाकडेला झोपडी घालू दिली, म्हणजे लावणीला हात तयार. भाडे पैशात नसे. वेठ हेच भाडे. कारवीच्या कुडाला माती लिंपून उभारलेले घर कातकऱ्याचे, त्याखालची जमीन मालकाची, आणि सातबारावर घराचा उल्लेख नाही. दिवाळीनंतर कुटुंबे भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. मधले महिने वाडी अर्धी ओस असते, आणि ‘इथे कोणी राहतच नाही’ असे म्हणायला मालकाला तेवढे पुरते.

कायदा या घरांना विसरला नव्हता. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 16 नुसार गावात मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या घरातून त्याला काढता येत नाही. घर कुळाने बांधलेले नाही आणि भाडेही तीनदा थकले आहे, या दोन्ही गोष्टी मालकाने सिद्ध कराव्या लागतात. कलम 17 ने जागा विकताना पहिला हक्क कुळाला दिला, तर कलम 18 ने हे संरक्षण शेतमजूर आणि गावच्या कारागिरांनाही दिले. पण ते मागायला घर किती जुने, कोणी बांधले, याचा पुरावा लागतो. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कसणारी कुळे जमिनीचे मालक ठरली; कातकरी बहुधा कूळ म्हणून नोंदलेलाच नव्हता, मग घराखालच्या जागेची नोंद कुठून असणार?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, फार्महाउसे आली, आणि माळाला भाव आला. सातबारा पाहून जमीन घेणाऱ्याला वाडी दिसते ती खरेदीखतानंतर. मग नोटीस येण्याऐवजी तारेचे कुंपण येते, पायवाट बंद होते. कर्जत तालुक्यातल्या काशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यांबरोबर नकाशे आणि घरांच्या नोंदी तयार करून गावठाणाची मागणी लावून धरली. जमीन महसूल संहितेचे कलम 122 जिल्हाधिकाऱ्याला गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार देते. मागणीचा आधार तोच.

घरकुल योजनांनी हा गुंता आणखी घट्ट केला. अनुदान घराला मिळते, जागा मात्र लाभार्थ्याची हवी. मालकाच्या संमतीशिवाय पक्क्या भिंती उभ्या राहत नाहीत, आणि एकदा पक्के घर झाले की जागा कायमची गेली हे मालक ओळखून असतो; म्हणून संमती अडते. 2015 मध्ये राज्याने जागा खरेदीसाठी 50,000 रुपयांपर्यंत साहाय्य देणारी योजना आणली. द्रुतगती मार्गालगतच्या खालापूर तालुक्यात तेवढ्या रकमेत जागा मिळणे कठीण होते, त्यामुळे वाड्यांचे अर्ज पुन्हा गावठाणासाठीच जिल्हाधिकारी कचेरीकडे गेले.