कार्बन तंतूची शर्यती सायकल

कार्बन तंतूची शर्यती सायकल : चौकट आणि पुढचा चिमटा कार्बनचे तंतू व इपॉक्सी राळ यांच्या संमिश्रातून घडवलेली, पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवण्याची सायकल. नुसती चौकट साधारण ७०० ते १,००० ग्रॅमची आणि अख्खी सायकल सात-आठ किलोंची असते. मुंबईचे डबेवाले चालवतात ती पोलादी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोंची किमान मर्यादा घातली आहे. त्याहून हलकी सायकल बनवणे आज कारखान्यांना अवघड राहिलेले नाही.

धातूच्या वस्तूपेक्षा ही वस्तू कापडाच्या अधिक जवळची आहे, आणि मुंबईच्या गिरणगावातल्या माणसाला ती समजायला सोपी जावी. तिचा कच्चा माल पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल, म्हणजे स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीच्याच कुळातला धागा. तो ताणून धरून हवेत २०० ते ३०० अंशांवर तापवतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात. बाकीची मूलद्रव्ये बहुतेक उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. असे हजारो तंतू, बहुधा बारा हजार, एकत्र करून पेळू होतो. टी ७०० या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जातीचा तंतू ४,९०० मेगापास्कलपर्यंतचा ताण सोसतो. त्याची घनता पाण्याच्या १.८ पट असते, तर पोलादाची जवळपास आठ पट.

कार्बनचा तंतू १९७१ मध्ये बाजारात आणणारी जपानची तोरे कंपनी मुळात रेयॉनचे सूत काढणारी. १९२६ साली ती तोयो रेयॉन या नावाने उभी राहिली. एका सूत गिरणीने असा पुढचा रस्ता शोधला हे वाचताना परळच्या गिरण्यांच्या चिमण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर इथल्या बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. माटुंग्याची व्हीजेटीआय आणि वरळीची सस्मिरा या वस्त्रविद्या शिकवणाऱ्या संस्था जवळच होत्या. सायकलचा कारखानाही होता. वरळीची हिंद सायकल्स १९८० च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतली. विणकाम, रसायन आणि सायकल तिन्ही दोन-चार मैलांच्या आत असूनही त्यांची गाठ पडली नाही, ही या शहराची खरी हानी आहे.

चौकटीवर वरून जी काळी चौकडी दिसते ती बरेचदा केवळ शोभेचा थर असतो. भार पेलणाऱ्या आतल्या थरांत मुख्यतः ताणाच असतो, बाणा नसतो. सगळे तंतू एका दिशेने सरळ पसरलेले असतात, कारण विणताना धागा वर-खाली वाकतो आणि वाकलेला धागा ताण कमी घेतो. या पट्ट्यांत राळ आधीच मुरवलेली असते. एका चौकटीसाठी अशा पट्टीचे काही शे तुकडे कापून, ठरलेल्या क्रमाने, हाताने एकावर एक बसवतात. मग आत फुगा घालून सारे पोलादी साच्यात बंद करतात. फुग्यात हवा भरली की थर साच्याच्या भिंतीला घट्ट दाबले जातात, आणि साधारण १२० ते १५० अंशांवर राळ पक्की होते. गिरणीत साचा म्हणजे माग. इथे साचा म्हणजे ठसा. दोन्हीकडे मालाचा कस हात लावणाऱ्यावर ठरतो. एखादा थर सुरकुतला किंवा राळ एका जागी साचली, तर दोष रंगाखाली लपून राहतो.

खरी कारागिरी दिशेत आहे. तंतू लांबीच्या दिशेने बळकट असतो; आडव्या दिशेने त्या पट्टीला धरून ठेवणारी राळच, आणि ती दुबळी. पायडलवर जोर आला की खालची जाड नळी पिळली जाते, म्हणून तिथे पट्ट्या ४५ अंशांत, शिंपी ज्याला उरेब म्हणतो तशा, दोन्ही बाजूंनी तिरप्या घालतात. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांत लांबीच्या दिशेचे तंतू जास्त ठेवतात. सीटखालच्या मागच्या नळ्या बारीक ठेवतात, म्हणजे रस्त्याचा धक्का थोडा जिरतो. पोलादी नळी सगळ्या दिशांना सारखीच वागते. इथे एकाच चौकटीला एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लवचिक करता येते. माझ्या मते वजनाइतकेच मोल या गुणाचे आहे, पण जाहिरातीत फक्त वजन ओरडून सांगितले जाते.

वजनाचा हिशेब मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या वाटेवर नीट लावता येतो. खोपोली ते खंडाळा बोरघाटात सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. तिथे जो पहिला पोचतो तो ‘घाटाचा राजा’. एक किलो वजन तेवढे उचलायला सुमारे ४,९०० ज्यूल लागतात. सायकल तेवढी हलकी असली तर २५० वॉट शक्ती लावणाऱ्या गड्याची जवळपास वीस सेकंदे वाचतात. घाटातली वीस सेकंदे म्हणजे बराच फरक. पण खोपोलीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर वजनापेक्षा वाऱ्याचा विरोध भारी पडतो. त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते : ताशी ३६ किलोमीटरवरून ४० वर जायचे तर सुमारे ३७ टक्के जास्त. म्हणून आताच्या नळ्या गोल नसतात. पुढून निमुळत्या आणि मागून कापल्यासारख्या असतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने ४,००० मीटर पाठलागाचे सुवर्ण जिंकले ते अशाच विचाराने, एकसंध कार्बनमध्ये घडवलेल्या लोटस सायकलवर. तरी विरोधाचा सर्वांत मोठा वाटा स्वाराच्या शरीराचा असतो, आणि कंबर वाकवून बसणे चौकटीपेक्षा स्वस्त पडते.

गिरगाव चौपाटी ते नरिमन पॉइंटच्या रस्त्यावर पहाटे दिसणाऱ्या या सायकलींना इथली हवा वेगळीच परीक्षा देते. कार्बन गंजत नाही, पण त्याला टेकलेले अ‍ॅल्युमिनियम खारट ओलाव्यात लवकर खराब होते, कारण दोन्हींत विजेची जोडी तयार होते. त्यामुळे कार्बनच्या चौकटीत अ‍ॅल्युमिनियमची सीटची नळी पावसाळाभर न काढता ठेवली तर ती जाम होऊन बसते. मध्ये काचतंतूचा थर किंवा कार्बनसाठीची खास पेस्ट लागते. पेव्हर ब्लॉकचे उचकलेले कोपरे, गटाराच्या जाळ्या, उड्डाणपुलाचे सांधे यांना २३ मिलिमीटरचा टायर पुरत नाही. आता २८ किंवा त्याहून रुंद टायर कमी हवेवर चालवतात. सततच्या थरथरीने ही चौकट धातूसारखी थकत नाही. तिला मारते ते एका जागी बसलेला टोला किंवा बोल्ट जास्त आवळणे. बऱ्याच बोल्टांवर पाच न्यूटन-मीटरच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. हाताच्या अंदाजाने पाना फिरवणाऱ्या जुन्या मेकॅनिकला ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

आतला थर सुटला आहे का, ते नाण्याने कळते. रुपया चौकटीवर हळूहळू वाजवत न्यायचा. चांगल्या भागावर टणटणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी तो बद्द होतो. मग त्या भागाचा रंग घासून काढतात. थर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत नेतात, प्रत्येक पायरीवर मूळच्या थराच्या दिशेचीच नवी पट्टी राळेने बसवतात आणि दाबाखाली पक्की होऊ देतात. रफू करणाराही धागा मूळ विणीच्या दिशेनेच घालतो.