वऱ्हाडच्या चुलीवरील मासा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती नेहमीच असतात. अनारसे असतात, पुरणाचे मांडे असतात, शेवयांची खीर असते. मासा मात्र नसतो. यात कोणाचा दोष आहे असे नाही. आपल्यातील पुष्कळ घरे माळकरी, काही जैन. आणि ज्या घरी मासा शिजतो तेथेही तो मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजत आलेला. त्यामुळे आपल्या भागाचाही माशांचा एक स्वयंपाक आहे, ही गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही. छापील पुस्तकांतही तीच तऱ्हा. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले, पण ते मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकाचे, म्हणजे समुद्राकाठचे. ज्या भगिनींना हा विषय रुचत नसेल त्यांनी खुशाल पान उलटावे.

वाशीमपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पण पैनगंगा आहे, अडाण आहे, आणि काटेपूर्णा तर आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. माझे माहेर रिसोड तालुक्यात पैनगंगेच्या बाजूचे. तेथे मरळ, वाम, झिंगे आणि पाण्याबरोबर येणारी बारीक मासळी हेच आमचे मासे. मरळ पाण्याबाहेर हवेत श्वास घेऊ शकतो, म्हणून भोईणबाई तो घमेल्यात थोडे पाणी घालून जिवंतच दारात आणीत असे. भोई लोकांचे मूळ काम पालख्या वाहण्याचे, जाळे टाकण्याचे आणि पाणी भरण्याचे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातींवर 1916 साली जे मोठे पुस्तक काढले त्यात हे सारे नोंदलेले आहे. पण भोयाने धरलेला मासा विकावयाचा कोणी? ते काम बायकांचे. डोक्यावर पाटी, कमरेला मूल आणि भावाची घासाघीस. ही बाजू पुस्तकात थोडी आणि माझ्या आठवणीत पुष्कळ.

माशाला चिंच घालावयाची ही रीत किती जुनी असेल? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचविला. त्यात मासे धरण्याच्या करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि रांधण्याच्या भागात माशाचे तुकडे धुऊन चिंचेच्या पाण्यात शिजवावेत, मग गव्हाचे पीठ लावून तेलात तळावेत अशी कृती आहे. तिखटपणाला मिरे. लाल मिरची अर्थातच नाही. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या देशी आली. मिरचीवाचून वऱ्हाडी रस्सा ही कल्पना आज आपल्याला करवत नाही, पण या हिशेबाने माशाच्या भांड्यात चिंच ही थोरली जाऊ आणि मिरची धाकटी.

समुद्राचा मासा आपल्याकडे आला तो वाळून आला. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली होती. पुढे गाडीने आलेला माल बैलगाडीने आठवडी बाजारात यावयाचा. सुकट आणि बोंबील ही नावे आमच्या आजीला ठाऊक होती, समुद्र मात्र तिने जन्मात पाहिला नाही. सुकट घालून वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे जेवण गरिबाघरी जितके, तितकेच थोरामोठ्यांच्या मागच्या पडवीतही. पावसाळ्यात भाजी महाग झाली की त्याला तोड नाही.

पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी वऱ्हाड जुन्या मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि कोकणातील नोकरदार कुटुंबे बदलीवर आपल्याकडे येऊ लागली. आमच्या शेजारीही नंतर रत्नागिरीकडच्या एक वहिनी राहावयास आल्या. त्यांच्या मते नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो, आणि आंबटाला कोकमच हवे. माझ्या सासूबाईंच्या मते समुद्राच्या माशाला मुळात मीठच जास्त. दोघींचा हा वाद ओट्यावर बसून वर्षानुवर्षे चालला. वहिनींचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तो वास पाण्यातील सूक्ष्म शेवाळामुळे व जंतूंमुळे माशाच्या अंगात उतरतो. पण आंबट लागले की तो कमी होतो. म्हणजे आमची चिंच नुसत्या चवीसाठी नव्हती, आणि हे सासूबाईंना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून कळले होते. माझे मत विचाराल तर कोकमाचे सार उत्तम, पण मरळीला चिंचच.

खरा फरक मात्र चुलीवर झाला नाही, पाण्यात झाला. अडाण, एकबुर्जी असे तलाव झाले आणि वाहते पाणी साठून राहिले. त्यात रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडण्यात येऊ लागले. हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करून रेल्वेने दूरदूर धाडावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची अंडी हवी तेव्हा मिळविण्यात यश मिळविले, आणि बीज मुबलक झाले. यामुळे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना काम मिळाले, सामान्य घरात मासा स्वस्त झाला. हे चांगलेच झाले. पण पाटीतील मासे मोजा. पूर्वी दहा तऱ्हेचे असत, आता बहुधा तीन. मरळ मिळाला तर परवडत नाही, आणि बारीक मासळीची नावे सासूबाई बोटांवर मोजीत, ती माझ्या सुनेला ऐकूनही ठाऊक नाहीत.

ती बारीक मासळी सासूबाई कशी करीत, तेवढे सांगते. हात निसटू नये म्हणून राख लावून साफ करावयाची, मग मीठ-हळदीने दोनदा धुवावयाची. कांदा व सुके खोबरे निखाऱ्यावर काळपट भाजून पाट्यावर वाटावयाचे, त्यात लसूण, धने आणि लाल तिखट. तेलात वाटण परतून बेताचे पाणी, उकळी आल्यावर चिंचेचा कोळ, आणि मासळी अगदी शेवटी. मग पळी घालावयाची नाही. फडक्याने भांड्याचे काठ धरून नुसते हलवावयाचे, नाहीतर मासळीचा लगदा होतो. उतरविल्यावर अर्धा तास कोणी हात लावावयाचा नाही, तोवर भाकरी होतात.