मोटारीच्या दाराचें कुलूप

कुलुपाला दोन कामें असतात. बाहेरच्याला आंत येऊं न देणें हें पहिलें, आणि आंतल्याला हवें तेव्हां बाहेर जाऊं देणें हें दुसरें. पहिल्या कामाचें कौतुक सर्वत्र होतें. दुसऱ्याची आठवण मात्र तें बिघडल्यावरच होते. रायगडावरील हिरकणीची कथा आपणांस ठाऊक आहेच. ती दंतकथा असेल, पण तिच्यांतील प्रश्न खरा आहे. सायंकाळीं गडाचे दरवाजे बंद झाले, दूध घालावयास आलेली गवळण आंत अडकली, आणि तान्ह्या बाळासाठीं तिला कडा उतरावा लागला. दरवाजानें आपलें पहिलें काम चोख बजावलें. दुसऱ्याची सोयच तेथें नव्हती. आज मोटारीच्या दाराविषयीं, विशेषतः ज्याला सर्वजण ‘सेंट्रल लॉक’ म्हणतात त्याविषयीं बोलतांना हा प्रश्न मनाशीं ठेवावा, अशी माझी विनंति आहे.

आपल्या जुन्या वाड्यांना अडसर व कडीकोयंडा असे. अडसराला किल्ली नसे. तो आंतूनच घालावयाचा व आंतूनच काढावयाचा. बाहेरून बंद करून निघून जाण्याची सुरक्षित सोय किल्लीच्या कुलुपानें दिली. इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें १७७८ सालीं असें कुलूप केलें, कीं किल्लीच्या दांत्यांनीं आंतील पट्ट्या नेमक्या उंचीवर उचलल्या गेल्या तरच खीळ सरकावी. मुंबईंत अर्देशिर गोदरेज यांनीं १८९७ सालीं लालबागेस कुलुपांचा कारखाना काढला, आणि भरंवशाचें कुलूप परदेशाहूनच आलें पाहिजे ही समजूत हळूहळू ओसरली.

त्याच सुमारास, म्हणजे १८९८ सालीं, मुंबईच्या रस्त्यावर मोटार दिसूं लागली. आरंभींच्या मोटारी बहुतेक उघड्या असत. ज्या गाडीला छप्परच नाहीं, तिच्या दाराला कुलूप लावून उपयोग काय? चारी बाजूंनीं मिटलेल्या गाड्या आल्या, तेव्हां कुलूप आलें. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें जी पद्मिनी गाडी निघाली व जी टॅक्सीच्या रूपानें २०२३ पर्यंत मुंबईंत धावली, तिचीं चार दारें एकेक करून बंद करावीं लागत. एखादें मागचें दार उघडें राही. पण एक दार बिघडलें तरी उरलेलीं तीन त्या बिघाडांत सांपडत नसत.

चारी दारांचें कुलूप एका हुकुमांत आणण्याची कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेंतील स्क्रिप्स-बूथ या गाडीवर १९१४ सालींच विजेनें चालणारीं कुलुपें होतीं. पॅकार्डनें तीं १९५६ सालीं पुन्हा आणलीं, आणि फ्रान्सच्या रेनो कंपनीनें १९८२ च्या सुमारास फ्युएगो या गाडीवर दुरून चालणारी किल्ली दिली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या नव्या योजनेनें जुनें कुलूप काढून टाकलें नाहीं. ती त्याच्यावर बसली. दाराच्या पत्र्याआड आजही खीळ आहे, सळई आहे. ती सळई पूर्वीं बोट ओढी, आतां एक चिमुकली मोटर ओढते. वीज एका दिशेनें गेली कीं दार लागतें, उलट दिशेनें गेली कीं उघडतें.

नव्या मुंबईंत या योजनेची परीक्षा चांगलीच होते. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ सालीं खुला झाला, आणि वाशी, नेरूळ, बेलापूर अशीं ठाणीं खाडीच्या कडेनें वाढत गेलीं. हवा दमट व खारी. पावसाळ्यांत कांचेच्या कडेनें दारांत उतरलेलें पाणी तळच्या भोकांतून वाहून जावें अशी योजना असते. तीं भोकें चिखलानें बुजलीं कीं पाणी आंतच सांचतें, आणि तारांच्या जोडांवर हिरवा गंज चढतो.

बिघाड शोधण्याची रीत वजाबाकीची आहे. एकेक शक्यता काढून टाकीत जावें. चालकाच्या दाराजवळील बटणानें सारीं दारें लागतात पण रिमोटनें लागत नाहींत, तर बहुधा रिमोटचा सेल संपला आहे. कशानेंच एकही दार हालत नाहीं, तर दोष सामाईक मार्गांत. फ्यूज, मुख्य स्विच किंवा नियंत्रक पेटी पाहावी. एकच दार हट्ट करीत असेल, तर दोष त्या दारापुरता. तेथें कान लावावा. घरघर ऐकूं येते पण खुंटी हालत नाहीं, तर वीज पोंचते आहे. दांतेरी चाक झिजलें आहे किंवा सळईची प्लास्टिकची चाप निसटली आहे. कांहींच आवाज नसेल, तर दाराचें अस्तर काढून त्या मोटरच्या तारांना टेस्ट लॅम्प जोडावा व दुसऱ्यास बटण दाबावयास सांगावें. दिवा क्षणभर लागला तर मोटर निकामी. न लागला तर वाटेंत तार तुटली किंवा जोड गंजला. तार पुष्कळदां बिजागरीजवळच्या रबरी नळींत तुटते, कारण दार उघडतां-मिटतांना ती तेथेंच वांकते. दारें लागून लगेच पुन्हा उघडत असतील, तर एखाद्या कुलुपांतील बारीक स्विच ‘दार उघडें आहे’ अशी खोटी बातमी देत आहे असें समजावें. तार जोडणें, जोड घासणें, मोटर बदलणें, हीं कामें कुशल कारागीर सहज करतो.

परंतु तेवढ्यानें दुरुस्ती पुरी झाली असें मानूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद केली. त्या दिवशीं मुंबईंत कांहीं माणसें स्वतःच्या मोटारींत अडकून गुदमरून मरण पावल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें. विजेचीं कुलुपें व विजेच्या कांचा उघडेनात, आणि बाहेरून पाण्याचा दाब. तो दाब किती, हें साध्या हिशेबानें कळतें. एक मीटर रुंदीच्या दारावर उंबऱ्यापासून अर्धा मीटर पाणी चढलें, कीं दारावर सुमारें सव्वाशे किलो वजनाइतकें बळ पडतें. चोरापासून माल राखणारें तेंच दार तेथें माणसांना आंत धरून बसलें.

हा धडा उशिरानें कां होईना, नियमांत उतरला. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी मोटारींत विजेचें कुलूप हातानें उघडण्याची सोय केंद्र सरकारनें सक्तीची केली. पण गंजलेल्या सळईला नियम ठाऊक नसतो. म्हणून कुलूप दुरुस्त होऊन आलें, कीं केवळ रिमोट दाबून समाधान मानूं नये. आंत बसून, विजेचें बटण न वापरतां, प्रत्येक दार आंतल्या मुठीनें उघडतें कीं नाहीं हें पाहावें. मागच्या दारांचें मुलांसाठींचें कुलूप लावलेलें असेल तर तीं आंतून उघडणार नाहींत, हें घरांतील सर्वांना सांगून ठेवावें. पाणी चढूं लागलें तर तें कांचेपर्यंत येण्याआधींच कांच उतरवावी. न उतरली तर बाजूची कांच फोडावी. पुढची कांच दुपदरी असल्यानें सहसा फुटून मोकळी होत नाहीं. त्यासाठीं लहानशी हातोडी हाताशीं असावी, पाठीमागच्या सामानांत नव्हे. वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, दाराच्या तळचीं भोकें काडीनें साफ करावीं आणि खिळीला थोडें वंगण द्यावें.