मनोरुग्णालयाच्या आत काय घडत होतं? कायदा वाचा, कळेल

मनोरुग्णालयात राहून आलेल्या माणसाला "आत कसं होतं?" असं आपण विचारत नाही. घरचेही "पुण्याला कामाला होता" म्हणून विषय संपवतात. म्हणून वॉर्डातल्या दिवसांचा इतिहास रुग्णांच्या तोंडून आपल्याकडे फारसा आलाच नाही. तो शोधायचा तर कायदे चाळावे लागतात.

नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१. ही आपली जुनी इस्पितळं इंग्रजांच्या काळातली. पुढे १९१२ चा कायदा आला, त्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं. स्वतःहून दाखल व्हायची सोय त्यात होती, पण मुख्य रस्ता मॅजिस्ट्रेटच्या हुकमाचा. म्हणजे दवाखान्याची वाट कोर्टातून जायची! स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा चालला. १९८७ चा नवा कायदा लागू व्हायलाच १९९३ उजाडलं.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. पळणार कुठं? २८ जीव गेले.

आता २०१७ चा कायदा बघा. सक्तीनं मुंडण करू नये. इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यावेत. जबरदस्तीनं काम करून घेऊ नये, काम केलं तर मोबदला द्यावा. भूल न देता विजेचा शॉक देऊ नये. साखळीनं बांधू नये. एकांत कोठडीत डांबू नये.

जे घडतच नाही, त्यावर बंदी घालायला संसद कशाला बसेल? या यादीतली एकेक ओळ म्हणजे कुणीतरी आत सोसलेला दिवस आहे. फक्त त्याखाली नाव नाही.

याच कायद्याचं १९ वं कलम म्हणतं, घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी समाजात राहायची सोय सरकारनं करायची आहे. तुमच्या तालुक्यात अशी एखादी जागा आहे का? आमदार-खासदारांना आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो. हेही विचारा.

आणि गल्लीत कुणी बरा होऊन परतला असेल, तर चहाला बोलवा. त्याला सांगावंसं वाटलं, तर मध्येच न तोडता ऐका.