मुंबई ते पुणें : अंतर आणि वेळ

मुंबईहून पुणें किती लांब? पक्ष्याला विचारावें तर सुमारें 120 किलोमीटर. आगगाडीला विचारावें तर 192. कल्याणचा वळसा आणि बोरघाटाची चढण यांनीं हा फरक पडला आहे. दोन्ही शहरें होतीं तेथेंच आहेत. बदलला तो वेळ. तो कसा बदलला हें पाहावयाचें तर खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर उभें राहावें. पेणची वाट येथें निराळी होते आणि जुना पुणें रस्ता घाटाकडे वळतो.

पेशवाईंत पांथस्थ घाटाच्या पायथ्याशीं विसांवत. खोपोलीचा तलाव व महादेवाचें मंदिर हीं नाना फडणिसांचीं कामें. पुढें 1830 सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं घाटांतून गाडीरस्ता खुला केला.

12 मे 1856 रोजीं आगगाडी खोपोलीस पोहोंचली आणि 14 जून 1858 रोजीं खंडाळा ते पुणें हा मार्गही सुरू झाला. राहिला तो मधला घाट! उतारूंनीं खोपोलीस उतरावें, मेण्यांत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून खंडाळा गांठावा आणि तेथें पुन्हां गाडी धरावी, असा प्रकार पांच वर्षें चालला. भर पावसाळ्यांत ही चढण कशी होत असेल, हें घाट पाहिलेल्यांस सांगावयास नको.

घाटांतील लोहमार्गाची लांबी अवघी 15 मैलांच्या वर, पण चढ 1,831 फूट आणि बोगदे 25. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 सालीं येथें आला आणि थोड्याच दिवसांत आजारानें वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट अंगावर घेऊन काम पुढें नेलें. तिचें नांव निदान इतिहासांत राहिलें. 1861 च्या सुमारास येथें 42,000 मजूर खपत होते. त्यांच्यांतील किती पटकीनें आणि सुरुंगांनीं गेले, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. 14 मे 1863 रोजीं गाडी सरळ वर गेली आणि मेणेवाल्यांचा धंदा बसला.

1 जून 1930 रोजीं विजेच्या बळावर धांवणारी दख्खनची राणी निघाली. तिला पुण्यास पोहोंचण्यास पावणेतीन तास लागत. नवलाची गोष्ट ही कीं, आज त्याच गाडीला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. 2002 सालीं पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग खालापुरावरून जातो खरा, पण चढावा लागतो तो बोरघाटच. विमानाचें आकाशांतील उड्डाण थोडक्यांत आटोपतें. परंतु विमानतळ गांठण्यांत, तपासणींत आणि ताटकळण्यांत तो नफा बहुतेक खर्ची पडतो.

आणि खोपोली? पुण्याची मुख्य वाट पळसदरीहून घाटांत शिरली, तेव्हांपासून खोपोलीचा लोहमार्ग फांटा झाला. आजही मुंबईची लोकल तेथवर येते आणि घाटाच्या पायथ्यावरून माघारी फिरते.